पाचव्या गाण्यातला हात

मिल्या, हे तुझ्याच मोबाईलवर लिहितोय. फुटलेला डिस्प्ले बदलला, चार्जिंगची पिन ढिली झाली होती ती बसवली, आणि कीबोर्ड नीट चालतोय का बघायला म्हणून टाईप करायला घेतलं. वहिनींनी विचारलं तर हेच सांगणार आहे. तू असतास तर लगेच म्हणाला असतास, "सुऱ्या, खोटं बोलतूस बे." हो, बोलतोय. कुणाकडून शिकलो ते पुढं येईलच.

काल तुझ्या गावी, चकलांब्याला, तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या कपड्यांनी मंडप भरून गेला होता. फोटो म्हणून तू शिकवायचास त्या क्लासच्या आयकार्डावरचाच मोठा करून लावला होता, त्यात तू पकडलेल्या चोरासारखा दिसतोस. भंतेजींची वंदना झाली, चार माणसं तुझ्याबद्दल बोलली, आणि मग आपल्या अल्बममधलं पाचवं गाणं वाजलं, 'खुंटी'. या एका गाण्यावरून तुझं-माझं किती वर्षं भांडण चाललं होतं, ते त्या मंडपात तिघांनाही माहीत नसेल. ते भांडण अर्धवट टाकून तू गेलास, म्हणून आता मलाच दोघांच्या वतीनं बोलावं लागतंय.

तू फळ्यासमोर उभा असताना खाली बसलास आणि परत उठला नाहीस, हे मला क्लासच्या शिपायानं फोनवर सांगितलं. मी हसलो. खरंच हसलो. कारण मागं एकदा तूच कुणाला तरी माझ्या दुकानात फोन करायला लावला होतास, "पोलीस स्टेशनातून बोलतोय, चोरीचा मोबाईल घेतलाय तुम्ही." मी शटर ओढून शेजारी हमीदचाचांच्या गादीच्या दुकानात कापसाच्या ढिगामागं जाऊन बसलो होतो आणि तू बाहेर पोट धरून हसत होतास. तेव्हा या वेळीही मी शिपायाला म्हणालो, "मिल्याला दे फोन." तो रडायला लागला. तरी मला वाटलं, पोरगं नाटक बरं करतंय. दवाखान्यात पोचेपर्यंत मी संशयच घेत होतो, आणि खरं सांगू का, तोवर बरं वाटत होतं.

माझा धंदाच संशयाचा, हे तूच म्हणायचास. गिऱ्हाईक शपथ घेऊन सांगतं, मोबाईल पाण्यात पडला नाही. मी चार स्क्रू काढतो, आत पाणी. कुणी म्हणतं, हातातून निसटला. बघावं तर मागच्या बाजूला बायकोनं फेकून मारल्याची खूण. बीडच्या बसस्टँडजवळ दुकान टाकल्यापासून माझा माणसांवरचा विश्वास उडालाय आणि मोबाईलवरचा वाढलाय. त्यामुळं तू गेल्यावर जे लोक रडले, त्यांच्याकडंही मी मोबाईल उघडल्यासारखाच बघत होतो. तुझ्या गाण्यांना 'रडकी' म्हणणाऱ्यांनी स्टेटसला तीच गाणी लावली. एकानं तर लिहिलं, मिलिंद सर काळाच्या पुढं होते. हा तोच गडी, ज्यानं पहिलं गाणं अर्धं ऐकून विचारलं होतं, "रेकॉर्डिंग खराब हाय का माझा स्पीकर गेलाय?" आणि मी त्याला सांगितलं होतं, स्पीकर गेलाय, उद्या घेऊन ये.

अल्बम चांगला होता, मिल्या. मेलेल्या माणसाचं सगळंच चांगलं म्हणायची रीत आहे, म्हणून हे मी तू जिवंत असतानाही म्हणत होतो, एवढी नोंद घे.

आबांच्या भीमगीतांच्या पार्टीत तू कीबोर्ड वाजवायचास. जयंतीचा सीझन लागला की क्लासच्या गणितातून तू गायब, आज या गावाला, उद्या त्या गावाला. आबा तुझे वडील नंतर, पार्टीचे मालक आणि ढोलकीवाले आधी. त्यांच्या ढोलकीसाठी माणसं शेजारच्या तालुक्यातून ट्रॅक्टर करून यायची, हे मी ऐकून आहे. मी कार्यक्रमाला कधी आलो नाही. सीझनमध्ये माझंही दुकान जोरात असायचं. मग आबांना लकवा मारला, उजवा हात आणि उजवा पाय गेला. ढोलकी कापडी गवसणीत गेली, पिंट्या ऑक्टोपॅड घेऊन पार्टीत आला, आणि आबा चकलांब्याच्या घरी बाजेवर पडून राहिले. कुणी ढोलकीचं नाव काढलं की तोंड भिंतीकडं करायचे, असं तूच सांगायचास.

त्याच सुमारास तू कुठूनशी जुनी गिटार आणलीस. पार्टीत गाताना आवाज शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचला पाहिजे, हे तुला लहानपणापासून शिकवलेलं. आणि इथं तू असा गायला लागलास की समोर बसलेल्या मलाही पुढं सरकावं लागायचं. घरात लेकरू झोपलंय आणि कुणीतरी दारामागून भांडतंय, तसं गाणं. मी विचारलं, "ह्याला काय म्हणायचं?" तू म्हणालास, "रॉक." मी म्हणालो, "रॉकवाले वरडतात." तू म्हणालास, "आपला गुपचूप रॉक हाय."

गुपचूप तर होताच. आबांचा नियम होता, पार्टीतला माणूस बाहेर वाजवीत नसतो. गिटार बघून ते काय म्हणाले तेही तू मला करून दाखवलं होतंस, वाकड्या तोंडानं, जड जिभेनं, "गळ्यात आडकवली म्हंजी गानं येतं का रं?" करून दाखवताना तू हसलास, पण तुझे डोळे हसत नव्हते. मला तेव्हाच शंका आली होती की तुला हे लई लागलंय.

जागा सापडली ती हमीदचाचांच्या दुकानात. चारी बाजूंनी कापूस, त्यामुळं आवाज घुमत नाही. अडचण एकच. आत चाचांची कापूस पिंजायची मशीन, समोर पिठाची गिरणी, वर कूलर. म्हणून आपण रेकॉर्डिंग फक्त लाईट गेल्यावर करायचो. अख्खं बीड दुपारी लाईट गेली की शिव्या द्यायचं आणि आपण दोघं दुकानं सोडून पळत सुटायचो. चाचा जेवायला आणि नमाजला जाताना किल्ली माझ्याकडं टाकून जायचे. तू गिटार, मी तेलाचा रिकामा डबा आणि गुंडाळलेली गादी. गादीवर मूठ मारली की धप्प, डब्यावर बोटं मारली की टण. मध्ये उशीवर मोबाईल. घाम गळतोय, नाकात कापूस चाललाय, आणि शिंक आली तर गाणं गेलं. लाईट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून प्रत्येक गाण्यात आपण घाबरल्यासारखं वाजवलंय. सहाव्या गाण्यात तर लाईट आलीच. मशीन घरघरली, गिरणीचा पट्टा फिरला, आणि तू गाता गाता म्हणालास, "आली बे." ते आपण काढलं नाही. अल्बम तिथंच संपतो, आणि नावही तेच ठेवलं, 'लाईट येईपर्यंत'.

कुणी ऐकला नाही. नेटवर टाकला, गादीच्या दुकानाचा फोटो लावला, तर लोकांना वाटलं गाद्यांची जाहिरात आहे. दोघांनी भाव विचारला. तू ते चाचांना कळवलंस आणि एक गादी खपलीसुद्धा. पण त्यातलं 'गेवराई नाका' ऐकून मी रात्रभर कूस बदलत होतो, ते कुणाला सांगू? 'कूलरचं पाणी' हे गाणं तर पुण्या-मुंबईच्या कुठल्या पोराला सुचलं असतं ना, तर त्याला खांद्यावर घेऊन नाचले असते. हे मी तुला तोंडावर कधी म्हणालो नाही, कारण तू चढून बसला असतास.

आणि पाचवं गाणं, 'खुंटी'.

सगळ्यात चांगलं गाणं तेच, आणि त्यात मी नव्हतो. मी तेव्हा स्पेअरपार्ट आणायला पुण्याला गेलतो. परत आलो तर तू म्हणालास, पाचवं झालं. ऐकलं. गिटार तुझी, गळा तुझा, आणि खाली एक ठेका. जाड, दबलेला, एकाच बाजूनं वाजणारा, आणि दर ओळीला उशिरा येणारा. तू 'खुंटीला टांगलंय घर' म्हणतोस, तो 'खुंटी' शब्द पूर्ण जमिनीवर पडतो, आणि मग ठेका येतो. कुणीतरी दारात चप्पल काढून, मग आत यावं तसा.

"हे कुठं रेकॉर्ड केलं?" मी विचारलं.

"दुकानातच की."

"दुकानात पत्र्याचा आवाज येतो व्हय? ऐक. मागं पत्रा तापून कडकड करतोय. आन् कोंबडी हाय."

"चाचानं आणली आसंल कोंबडी."

"आन् हात कुणाचा हाय?"

"तुझाच बे. मागल्या गाण्यातला कापून लावला."

"माझा हात मला वळखू येत न्हाई?"

"न्हाई येत. आपलाच आवाज रेकॉर्डिंगात वळखू येत न्हाई, तसाच हात बी."

असा निर्लज्जपणे बोललास, आणि वर मलाच चहा सांगायला लावलास. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच नाव, पिंट्या. पिंट्या चकलांब्याचा, त्याच्या घराला पत्रे, त्याच्या आईच्या कोंबड्या. मी गावाला गेलो आणि तू माझ्या जागी त्याला बसवलंस. बसवलंस ते बसवलंस, वर खोटं बोललास. मी सरळ विचारलं, आडून विचारलं, पाजून विचारलं. तू प्रत्येक वेळी तेच, "तूच हायस बे." एकदा तर म्हणालास, "झोपेत वाजवलंस."

कपिलधारला गेलतो ते आठवतं? अल्बम येऊन बरेच दिवस झाले होते. धबधब्याला पाणी म्हणजे नळ सुटल्याएवढं. आपण खडकावर बसून शेंगा खात होतो. मी म्हणालो, "मिल्या, देवाधर्माची जागा हाय, इथं तरी खरं सांग." तू म्हणालास, "तुला कावून पायजे त्याचं नाव? गाणं चांगलं झालं न्हाई का?" मी म्हणालो, "चांगलं झालं म्हणूनच पायजे." तू तोंड उघडलंस. मला शंभर टक्के खात्री आहे, तू सांगणार होतास. मग तू शेंगांची टरफलं गोळा करून रुमालात बांधायला लागलास. इतका स्वच्छतेचा पुळका तुला जन्मात कधी आला नव्हता.

तो विषय तिथंच राहिला. मीही मग टोमणे मारण्यापलीकडं गेलो नाही. पण मैत्रीत एक खडा राहिला तो राहिलाच. चपलेतला खडा असतो तसा, चालता येतं, पण विसरता येत नाही.

तू गेल्यावर चार-पाच दिवसांनी वहिनी दुकानात आल्या. तू पडलास तेव्हा मोबाईल खिशातून फरशीवर आपटला होता. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यातले फोटो निघतात का बघा." पॅटर्न त्यांना माहीत होता. मी डिस्प्ले जोडला, फोटो काढून दिले, आणि मग रेकॉर्डिंगचं ॲप उघडलं. हो, उघडलं. माझ्या जागी तू असतास तर तूही उघडलं असतंस. सहाही गाणी होती, गिटार वेगळी, गळा वेगळा, ठेका वेगळा. पाचव्यातला ठेका एकटाच लावून ऐकला. धुप्. थांबा. धुप् धुप्. मधून कोंबडी. बोलणं एका शब्दाचं नाही, ते तू कापलेलं. मी वहिनींना विचारलं, "हे गाणं कुठं केलं, तुमाला काय बोलला का तो?" त्या म्हणाल्या, "न्हाई बा. पर त्या दिवशी चकलांब्याहून आले, तवा लई खूश होते. आल्या आल्या म्हणले, शिरा कर."

चकलांबा. झालं. पिंट्यावर माझा शिक्का बसला.

आणि दुसऱ्याच दिवशी पिंट्या स्वतः दुकानात हजर. चेहरा असा की दुधानं धुतलाय. म्हणाला, कार्यक्रमात मिलिंददादाचं एक गाणं लावायचं पार्टीनं ठरवलंय, 'खुंटी'. "पर सुरेशभाऊ, त्यातला ठेका चुकलाय. दर टायमाला उशिरा येतोय. मंडपात जाणकार लोकं आसतात, हासतील दादाला. तुमाला मोबाईलमधलं कळतंय, तेवढा नीट वाजवून बदला की."

मी म्हणालो, "वाजवला कुणी हा?"

"मला काय माहीत? आसंल कुणी नवशिका."

"तू न्हाईस?"

"मी?" त्याला खरंच राग आला. "आईशप्पथ, मी आसला बेताल वाजवीन व्हय?"

चोराच्या उलट्या बोंबा, मी मनात म्हणालो. पण आतून उकळ्या फुटत होत्या. इतक्या वर्षांनी मला माझी जागा परत मिळत होती, तीसुद्धा पार्टीच्या विनंतीवरून. मी तोंड पाडून म्हणालो, "बघतो. मिल्यासाठी एवढं करायलाच पायजे." किती नालायक आहे बघ मी.

दुपारी लाईट गेली. मी चाचांच्या दुकानात जाऊन बसलो. तोच डबा, गुंडाळलेली गादी. कानात तुझा गळा आणि तुझी गिटार, जुना ठेका बंद. मी वाजवला. एकाच दमात जमला. शब्दाला शब्द, मात्रेला मात्रा, कुठं केसाचं अंतर नाही. डोळे मिटून तू समोरच बसल्यासारखं वाटलं, आणि संपल्यावर मी मोठ्यानं म्हणालो, "बघ, ह्याला म्हणतात ठेका." मग मात्र मी रडलो, मिल्या. कापसावर तोंड ठेवून रडलो. चाचा जेवून आले, मला बघितलं आणि पुन्हा बाहेर जाऊन बसले.

आता एकच राहिलं होतं. आबांनी तो अल्बम कधी मानला नव्हता, त्यांच्या मंडपात तो वाजवायचा तर त्यांना विचारायला हवं. पार्टीतल्या एकाचीही छाती होईना. पिंट्या म्हणाला, "तुमी बाहेरचे हाव, तुमाला शिव्या न्हाई द्यायचे." म्हणजे शिव्या खायलाही मीच. गेवराईपर्यंत एसटी, पुढं जीप. दोन्ही गाणी घेऊन गेलो, जुनं आणि माझं. जुनं कशाला घेतलं कोण जाणे. पुरावा जवळ असावा म्हणून घेतलं असेल, सवयच आहे.

घर उघडं होतं. आबा आतल्या खोलीत बाजेवर, अंगावर पांढरा सदरा, दाढी वाढलेली. मी पाया पडलो. मला म्हणाले, "बस. मोबाईलवाला न्हवं का तू?" मी बसलो. वर बघितलं. ऊन चढलं होतं आणि पत्रा कडकड करत होता. अंगणातून कोंबडी आत आली, माझ्याकडं बघितलं, आणि ओरडली. ती कोंबडी गाण्यातली नव्हती, पण आवाज तोच होता.

बाजेच्या उशाला खुंटी. खुंटीला गवसणीतली ढोलकी, अगदी हात लांबवला की पोचेल इतकी खाली. माझी नजर तुला माहीत आहे. गवसणीवर धुळीचा थर होता, उजव्या तोंडावर, पोटावर, दोरीवर. डाव्या तोंडावर नव्हता. तिथलं कापड घासून काळं पडलं होतं.

मी खिशातून मोबाईल काढला आणि सांगितलं, आबा, मिल्याचं गाणं आहे, मंडपात लावायचं म्हणतायत, तुम्ही ऐका. पहिल्यांदा माझं लावलं, नीट केलेलं. तुझा आवाज आला तसे त्यांनी डोळे मिटले. हात मांडीवर, निवांत. गाणं संपलं.

"कुनी वाजीवलं हे?"

"मी, आबा."

"लवकर येतूस," ते म्हणाले. शब्द जड पडत होते, पण राग नव्हता. "लई घाई हाय तुला. आदी मान्साचा शबूद पडू द्यावा. तो सगळ्यांच्या कानात जाऊ द्यावा. मग आपन. आपलं काय, आपन ढोलकीवाले."

मी जुनं गाणं लावलं.

तू म्हणालास, 'खुंटीला टांगलंय घर'. शब्द पडला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हतो, हाताकडं बघत होतो. डावा हात मांडीवर होता. शब्द संपला, आणि हात उठला, आणि गाण्यातल्या ठेक्याबरोबर खाली आला. धुप्. थांबला. धुप् धुप्. मोबाईलमधला हात आणि मांडीवरचा हात, दोघांत केसाचंही अंतर नव्हतं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ठेका एकदा चुकतो, मला पाठ आहे, तिथं मांडीवरचा हातही चुकला. आबांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात आपलं काम करत होता.

गाणं संपलं. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं मी गिऱ्हाइकाकडं बघतो. पार आतपर्यंत.

"ह्यो कोन हाय?" त्यांनी विचारलं. "ह्यो वाजीवनारा?"

तेव्हा मला कळलं, मिल्या. ते मला विचारत नव्हते, तुझी परीक्षा घेत होते. ज्या हातासाठी ट्रॅक्टर भरून माणसं यायची, तो हात अर्धा उरलाय, हे जगाला कळू द्यायचं नाही, एवढ्या अटीवर त्या माणसानं गवसणीवरून का होईना, तुझ्यासाठी वाजवलं होतं. आणि तेही तुझ्या गिटारच्या, पार्टीबाहेरच्या रॉकसाठी, स्वतःचाच नियम मोडून. त्यांना जाणून घ्यायचं होतं, पोरानं शब्द पाळला का.

मी म्हणालो, "मिलिंद मला म्हणायचा, तूच हायस."

आबांनी वर पत्र्याकडं बघितलं.

"मंग तूच आसशील," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "ह्येच लाव मंडपात."

परत येताना जीपमध्ये मी माझं नीट केलेलं गाणं पुसून टाकलं. आणि तुझ्यावर इतका चिडलो, मिल्या, की तू समोर असतास तर कानाखाली मारली असती. मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? तुझा माझ्यावर भरवसा नव्हता? मग मीच विचार केला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? मी दुसऱ्याच दिवशी चाचांना सांगितलं असतं, चाचांनी गिरणीवाल्याला, आणि जयंतीपर्यंत अख्ख्या तालुक्याला. तेव्हा तू केलंस ते बरोबर केलंस. पण मीही बरोबर होतो हे तुला मान्य करावं लागेल. तो हात माझा नव्हता, रेकॉर्डिंग दुकानातलं नव्हतं, आणि कोंबडी हमीदचाचांची नव्हती. इतकी वर्षं तू मला येड्यात काढलंस आणि मी मात्र एकूण एक गोष्ट बरोबर ओळखली होती, माणूस सोडून.

आणि आभारही मान म्हणतोस? मानतो. माझी जागा तू पिंट्याला दिली नव्हतीस. जिथं दिलीस तिथं मीही दिली असती.

काल मंडपात गाणं वाजलं. आबांना पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवलं होतं, अंगावर शाल. शालीच्या आत काहीतरी हलत होतं, ते फक्त मला दिसत होतं. जाणकार लोक हसले नाहीत. एक म्हातारं पार्टीवालं मात्र मान वर करून स्पीकरकडं बघायला लागलं. मग त्यानं हळूच आबांच्या खुर्चीकडं बघितलं, आणि मान खाली घातली. म्हणजे हात ओळखणारे आम्ही आता दोघं झालो. त्याच्या तोंडात तीळ भिजत असावा, अशी आशा आहे.

पिंट्या माझ्या कानाशी आला. जाम चिडलेला. "सुरेशभाऊ, नीट करून देतो म्हणला होता ना? हाच लावला पुन्हा. कोन हाय हा बेताल?"

उद्या सकाळी वहिनी मोबाईल न्यायला येतील. त्याआधी हे सगळं पुसणार आहे, तेव्हा वाचून घे. आणि पिंट्याला मी काय सांगितलं तेही ऐक, म्हणजे तुझ्या जिवाला शांती. शाल हलायची थांबेपर्यंत मी गप्प बसलो, आणि मग आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मीच वाजवलंय बे. माझाच हात हाय."